यॉर्क आणि उत्तर समुद्राचा किनारा : सात दिवस, दोनच मुक्काम

इंग्लंडला पहिल्यांदा जाणारी आपली बहुतेक मंडळी लंडनमध्ये अडकतात. मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला आलेले आई-वडील असोत की नोकरीसाठी नुकतंच बिऱ्हाड केलेलं जोडपं, सुट्टी मिळाली की लंडन, मग एका दिवसात बाथ आणि स्टोनहेंज, मग बसमधून धावतं स्कॉटलंड. घरी परतल्यावर फोटो भरपूर असतात, पण कुठल्या गावात काय पाहिलं ते पटकन आठवत नाही. माझं आग्रहाचं सांगणं असं की एक आठवडा एकाच भागाला द्या. त्यासाठी यॉर्क आणि तिथून ईशान्येला रस्त्याने साधारण ७५ किलोमीटरवर असलेला व्हिटबीचा किनारा यांच्याइतकी सोयीची जोडी मला दुसरी माहीत नाही. गाडी लागत नाही, रोज सामान बांधावं लागत नाही, आणि चालायची थोडी सवय असली तर साठी उलटलेल्या माणसालाही हा आठवडा जमतो.

सगळ्या आखणीचं सूत्र एवढंच की मुक्काम दोनच ठेवायचे, तीन रात्री यॉर्कला आणि तीन व्हिटबीला. यॉर्कमधले दिवस मनाला येईल तसे घालवा. किनाऱ्यावरचे दिवस मात्र भरती-ओहोटीची वेळ बघूनच ठरवा.

कधी जायचं आणि कुठल्या वारी

मे, जून आणि सप्टेंबर हे उत्तम महिने. जूनच्या अखेरीस रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई करावीच लागत नाही. ऑगस्टमध्ये शाळांना सुट्ट्या असतात, गर्दी असते, खोल्या महाग होतात. पण ऑगस्टच्या उत्तरार्धात नॉर्थ यॉर्क मूर्सचं माळरान हेदरच्या जांभळ्या फुलांनी भरतं, आणि तेवढ्यासाठी कुणी गर्दी सोसली तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. डिसेंबर-जानेवारीत सूर्य फार लवकर मावळतो, डिसेंबरात तर पावणेचारलाच. त्या दिवसांत यॉर्क छान वाटतं, किनारा नको.

निघायला रविवार निवडा. शुक्रवार-शनिवारी यॉर्कमध्ये मौजमजेला आलेल्यांची झुंबड असते आणि हॉटेलांचे दर चढलेले असतात. रविवार संध्याकाळपासून शहर मोकळं व्हायला लागतं. खोल्या ठरवण्याआधी दोन गोष्टी तपासा : यॉर्कच्या घोड्यांच्या शर्यतीचे दिवस, विशेषतः ऑगस्टमधला एबोर महोत्सव, आणि व्हिटबीचा गॉथ वीकेंड, जेव्हा काळे पोशाख घातलेल्या हजारो हौशी लोकांनी ते छोटं गाव भरून जातं. त्या दिवसांत खोली मिळणं कठीण असतं.

तिकिटं, खोल्या, सामान

भारतीय पासपोर्टवर भेटीचा व्हिसा लागतो. तो प्रवासाच्या तीन महिने आधीपासून मागता येतो. अर्ज शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून यॉर्कला थेट गाड्या आहेत आणि प्रवास दोन तासांच्या आसपासचा. मँचेस्टर विमानतळावर उतरणार असाल तर तिथूनही थेट गाडी मिळते. आधी काढलेल्या ‘अ‍ॅडव्हान्स’ तिकिटाचा आणि आयत्या वेळच्या तिकिटाचा दर यांत खूप फरक असतो. फक्त हे तिकीट ठरावीक गाडीचंच असतं, ती चुकली तर ते वाया जातं. म्हणून विमानातून उतरल्या दिवशीच पुढची गाडी पकडायची असेल तर मध्ये भरपूर वेळ सोडा. दोघं मिळून प्रवास करणार असाल तर ‘टू टुगेदर’ आणि साठ वर्षांपुढच्यांसाठी ‘सीनियर’ रेलकार्ड, म्हणजे भाड्यात सवलत देणारं कार्ड, एक-दोन लांबच्या प्रवासांतच वसूल होतं.

यॉर्कमध्ये खोली तटबंदीच्या आत किंवा तिच्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर घ्या, म्हणजे सगळं पायी होतं. व्हिटबीत नदीच्या पश्चिमेकडच्या चढावर घरगुती ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात काही जण दोन किंवा तीन रात्रींखाली खोली देत नाहीत, तीन रात्रींचा मुक्काम त्यालाही सोयीचा पडतो. जुन्या घरांत लिफ्ट नसते. खोली कितव्या मजल्यावर आहे ते आधी विचारा आणि बॅग एकट्याला उचलता येईल एवढीच ठेवा.

छत्री घरीच ठेवा. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात ती टिकत नाही. पाणी न शिरणारं टोपीचं जाकीट, दोन पातळ स्वेटर आणि पकड असलेले बूट एवढं जूनमध्येही हवंच. पूर्वेचा वारा सुटला की उन्हाळ्यातही थंड समुद्रावरून दाट धुकं चढतं. यॉर्कला ऊन असतं आणि व्हिटबीला समोरची भिंत दिसत नाही. स्थानिक लोक त्याला ‘सी फ्रेट’ म्हणतात. ते दुपारपर्यंत विरतं किंवा दिवसभर बसतं, त्यावर आपला इलाज नाही.

पहिले तीन दिवस : यॉर्क

रविवारी दुपारी पोचलात की बॅगा टाका आणि थेट तटावर चढा. फुकट आहे, साधारण सकाळी आठपासून अंधार पडेपर्यंत खुलं असतं. जवळजवळ साडेतीन किलोमीटरची ही तटबंदी इंग्लंडमधली सर्वांत लांब मध्ययुगीन तटबंदी आहे. पूर्ण फेरीला दोन तास लागतात, पण पहिल्या दिवशी बूदम बार ते मंक बार एवढाच तुकडा पुरे (‘बार’ म्हणजे इथे तटाचा दरवाजा). या तुकड्यावरून मिन्स्टर, म्हणजे यॉर्कचं कॅथेड्रल, झाडांच्या मागून हळूहळू पूर्ण दिसत जातं. तटाला आतल्या बाजूने काही ठिकाणी कठडा नाही, लहान मुलांचा हात सोडू नका.

हे शहर रोमनांनी इसवी सन ७१ मध्ये वसवलं. कॉन्स्टंटाइनला ३०६ मध्ये सम्राट म्हणून घोषित केलं ते इथेच. ८६६ मध्ये व्हायकिंगांनी ते जिंकलं. त्यांच्या वस्तीचे अवशेष १९७०च्या दशकात कॉपरगेट भागात उत्खननात सापडले आणि त्याच जागी आज यॉर्विक संग्रहालय आहे. मुलं बरोबर असतील तर ते जरूर दाखवा आणि वेळ आधी राखून ठेवा, नाहीतर रांगेत जीव जातो. मोठेच असाल तर मी म्हणेन, तो वेळ मिन्स्टरला द्या.

मिन्स्टरला सोमवारी सकाळी, दार उघडताच जा. आताची इमारत १२२०च्या सुमारास सुरू झाली आणि १४७२ मध्ये पूर्ण झाली म्हणून तिचं अर्पण झालं, म्हणजे अडीचशे वर्षांचं काम. पूर्वेकडची मोठी खिडकी जॉन थॉर्नटन या कारागिराने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत केली. जवळपास टेनिस कोर्टाएवढी रंगीत काच, बायबलमधल्या जगाच्या आरंभापासून अंतापर्यंतची चित्रं, आणि त्याबद्दल त्याला मिळाले एकूण ५६ पौंड. वरच्या ओळीपासून खाली ओळीने बघत या. छोटी दुर्बीण असेल तर इथे ती कामाला येते. उत्तरेकडे ‘फाइव्ह सिस्टर्स’ नावाच्या पाच उंच, करड्या-हिरव्या खिडक्या आहेत. लोक त्यांच्यासमोरून पटकन निघून जातात. पहिल्या महायुद्धात सेवा करताना मरण पावलेल्या साम्राज्यभरातल्या स्त्रियांच्या स्मृतीला ही जागा वाहिलेली आहे आणि जवळच लाकडी फळ्यांवर त्यांची नावं लिहिली आहेत. तिथे दहा मिनिटं थांबा. मधल्या मनोऱ्याला २७५ अरुंद पायऱ्या आहेत. गुडघे साथ देत असतील तरच चढा.

तिकीट काढायचं नसेल तर संध्याकाळच्या ‘इव्हनसाँग’ प्रार्थनेला जा. ती सर्वांना खुली असते, पैसे लागत नाहीत, आणि त्या छताखाली गायकवृंदाचे आवाज ऐकणं हा तिकीट काढून फिरण्यापेक्षा वेगळा अनुभव आहे. सुरू होण्याच्या पंधरा मिनिटं आधी बसा, मध्येच उठू नका, फोटो काढू नका.

मंगळवार रेल्वे संग्रहालयाचा. स्थानकाच्या मागेच आहे, प्रवेश फुकट. ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेग गाठणारं मॅलार्ड हे वाफेचं इंजिन इथे आहे. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही मॅलार्डच्याच नावावर आहे. जपानच्या पहिल्या पिढीतल्या बुलेट ट्रेनचा डबाही इथे आहे, आत जाऊन बसता येतं. आपल्याला या जागेशी थोडं नातं वाटायलाही हरकत नाही : बोरीबंदर-ठाणे मार्ग ज्याने बांधला तो मुख्य अभियंता जेम्स बर्कली हा नामांकित रेल्वे अभियंता रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला माणूस. आणि रॉबर्टचे वडील जॉर्ज स्टीफन्सन यांनी आखलेला, १८३६ मध्ये पूर्ण झालेला व्हिटबी-पिकरिंग मार्ग तुम्ही दुसऱ्या दिवशी ज्या मुलखातून जाणार त्याच मुलखात आहे. सुरुवातीला त्यावर डबे घोडे ओढत.

उरलेला वेळ शॅम्बल्स या जुन्या खाटिकगल्लीला द्या, पण सकाळी नऊच्या आत. वरचे मजले एकमेकांकडे झुकलेली ती लाकडी घरं दुपारी गर्दीमुळे दिसतच नाहीत. नंतर म्युझियम गार्डन्समध्ये सेंट मेरीज मठाच्या भग्न कमानींखाली गवतावर बसा. यॉर्क हे चॉकलेटचंही गाव. किटकॅट सर्वप्रथम १९३५ मध्ये इथल्या राउंट्री कारखान्यात तयार झालं, तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं.

खाण्याबद्दल, आधीच

ही गोष्ट मी मुद्दाम मधेच सांगतो, कारण शाकाहारी माणसाला ती प्लेट समोर आल्यावर कळून उपयोग नाही. यॉर्कशायरमधल्या अनेक दुकानांत फिश अँड चिप्स तळायला तेल नव्हे तर गाईच्या मांसाची चरबी, ‘बीफ ड्रिपिंग’, वापरतात. म्हणजे नुसते बटाट्याचे चिप्सही त्यातच तळलेले. पाटीवर ते नेहमी लिहिलेलं नसतं. मागणी देण्याआधी सरळ विचारा, “आर दीज फ्राइड इन व्हेजिटेबल ऑइल?” कुणाला त्याचं वाईट वाटत नाही, आणि वनस्पती तेल वापरणारी दुकानंही सापडतात. यॉर्कशायर पुडिंगमध्ये अंडं असतं आणि तेही बऱ्याचदा चरबीतच भाजतात.

मासे खाणाऱ्यांनी इथे कॉडऐवजी हॅडॉक मागावा, स्थानिक पसंती तीच. व्हिटबीत धुरी दिलेले हेरिंग मासे, म्हणजे किपर, मिळतात. वास उग्र असतो, पण सुक्या बांगड्यावर वाढलेल्या माणसाला त्याचं काय? शाकाहाऱ्यांना भारतीय, इटालियन जेवण दोन्ही गावांत मिळतं. चहाच्या दुकानांतले स्कोन, वेन्सलीडेल चीजबरोबर फळांचा केक, हेही चुकवू नका.

सर्वांत मोठी अडचण वेळेची. आपण नऊला जेवायला बसतो, इथे पबचं स्वयंपाकघर आठ-साडेआठलाच बंद होऊ शकतं, आणि खेड्यांत त्याहूनही लवकर. सातला टेबलावर असा. पबमध्ये बहुधा वेटर येत नाही. टेबलाचा नंबर बघून गल्ल्यावर जाऊन मागणी द्यायची आणि पैसेही तिथेच द्यायचे.

बुधवार : मूरवरून व्हिटबीला

यॉर्कहून व्हिटबीला जायला ‘कोस्टलायनर ८४०’ ही बस घ्या. ती रेल्वे स्थानकापाशीच मिळते. माल्टन, पिकरिंग करत दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. थेट व्हिटबीपर्यंतच्या फेऱ्या दिवसाला मोजक्याच आहेत, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी बघा आणि सकाळची बस धरा. इंग्लंडमध्ये बहुतेक बसना एका फेरीचं कमाल भाडं २०२५ पासून ३ पौंड आहे. तुम्ही जाल तेव्हा ते चालू आहे ना, याची खात्री करून घ्या. कार्ड टेकवून पैसे देता येतात.

वरच्या मजल्यावर, पुढे, डाव्या बाजूला बसा. पिकरिंग सोडलं की शेतं संपतात, उघडं माळरान सुरू होतं आणि डावीकडे ‘होल ऑफ हॉर्कम’ नावाचा प्रचंड वाडगा जमिनीत खचल्यासारखा दिसतो. झऱ्यांच्या पाण्याने हजारो वर्षं कडा पोखरून तो तयार झाला आहे. थोडं पुढे गेलं की क्षितिजावर समुद्राची रेघ उगवते.

दुपार व्हिटबीच्या पूर्वेकडच्या जुन्या भागात घालवा. १९९ पायऱ्या चढून सेंट मेरीज चर्च आणि त्यामागे मठाचे अवशेष. हिल्डा नावाच्या स्त्रीने ६५७ मध्ये हा मठ स्थापला आणि ६६४ मध्ये इथे भरलेल्या धर्मसभेत ईस्टरची तारीख कुठल्या पद्धतीने काढायची हे ठरलं. आज दिसतात ते दगड नंतरच्या मठाचे. वारा फार असतो, जाकीट वरपर्यंत लावा.

खाली ग्रेप लेनमध्ये कॅप्टन कुक संग्रहालय आहे. जहाजमालक जॉन वॉकरच्या या घरात, पुढे प्रसिद्ध दर्यावर्दी झालेला जेम्स कुक शिकाऊ उमेदवार म्हणून राहिला. व्हिटबीची कोळसा वाहणारी जहाजं सपाट बुडाची आणि दणकट असत, वाळूवर सहज टेकत. म्हणूनच कुकने तिन्ही मोठ्या सफरींत इथेच बांधलेली जहाजं वापरली, एन्डेव्हर त्यांतलंच एक. ज्याला नौकानयनात रस आहे त्याने इथे घाई करू नये. दुकानांतून ‘व्हिटबी जेट’चे काळे दागिने दिसतील. कोट्यवधी वर्षं गाडल्या गेलेल्या लाकडाचं हे रत्न. अस्सल जेट हाताला अगदी हलकं आणि कोमट लागतं, काच जड आणि गार लागते. आणि हातात खाणं घेऊन बंदरावर फिरू नका. सीगल मागून येऊन घास पळवतात.

भरती-ओहोटी : हे वाचल्याशिवाय वाळूवर उतरू नका

कोकणातल्या माणसाला उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) समजावून सांगायला नको. इथेही नियम तेच : अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाणाची भरती, दिवसातून दोनदा पाणी चढणार आणि वेळ रोज साधारण पाऊण तास पुढे सरकणार. फरक जमिनीचा आहे. आपल्याकडे पाणी चढलं तर मागे सरकायला माड-पोफळीची वाडी असते. इथे मागे शेल या ठिसूळ खडकाचा उभा कडा असतो, चढायला वाट नसते आणि वरून दगड सुटत असतात. दरवर्षी माणसं अशी अडकतात.

म्हणून वेळा आदल्या रात्री बघा. ब्रिटिश जलसर्वेक्षण खात्याच्या ‘ईझीटाइड’वर पुढच्या सात दिवसांच्या वेळा फुकट मिळतात, आणि व्हिटबीच्या दुकानांत छापील पुस्तिका असते. वेळा जीएमटीत दिल्या आहेत की उन्हाळी वेळेत, ते नक्की करा. मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत इथलं घड्याळ एक तास पुढे असतं, आणि तो एक तास पायाखालची वाळू नाहीशी करायला पुरेसा आहे. पाणी उतरत असताना निघायचं आणि पूर्ण ओहोटीच्या वेळेला परत फिरायचं. कड्याच्या अगदी खाली बसायचं नाही. अडचण आलीच तर ९९९ लावा आणि ‘कोस्टगार्ड’ मागा.

गुरुवार आणि शुक्रवार

या दोन दिवसांची अदलाबदल खुशाल करा. ज्या दिवशी ओहोटी दुपारी बारा-एकच्या सुमारास असेल तो दिवस रॉबिन हूड्स बेला द्या.

व्हिटबीहून ‘एक्स ९३’ बस वीस-पंचवीस मिनिटांत तिथे सोडते, पण गावाच्या वरच्या टोकाला. खाली उतरणारा रस्ता भलताच तीव्र आहे. दोन्ही बाजूंना लाल कौलांची घरं एकमेकांना खेटून, मधून माणूसभर रुंदीच्या गल्ल्या. अठराव्या शतकात चहा, दारू, तंबाखूच्या चोरट्या व्यापाराचं हे मोठं ठाणं होतं. रस्ता संपतो तिथे समुद्रच सुरू होतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या सेंट बीजहून निघालेली, इंग्लंड आडवं पार करणारी सुमारे ३०० किलोमीटरची पायवाट इथे संपते. पाठीवर ओझं घेतलेली थकलेली माणसं बूट लाटेत बुडवताना दिसतील. त्यांना टाळ्या द्या, सगळेच देतात.

ओहोटीत खडकाचे वाकडे, समांतर पट्टे उघडे पडतात. मुलांना घेऊन खळग्यांतले खेकडे बघा आणि सुट्या दगडांत अमोनाइटचे शंखासारखे जीवाश्म शोधा. पडलेले उचलायचे, कड्यावर हातोडी चालवायची नाही. शेवाळ फार निसरडं असतं. वाळूवरून दक्षिणेला एक किलोमीटरवर बॉगल होल आहे, तिथल्या यूथ हॉस्टेलात चहा मिळतो. येताना वाळूवरून न येता कड्यावरच्या वाटेने या. चालणाऱ्यांनी बसऐवजी व्हिटबीहूनच क्लीव्हलंड वे या वाटेने निघावं : सुमारे ११ किलोमीटर, चढ-उतारांचे तीन-साडेतीन तास.

दुसऱ्या दिवशी उलट्या दिशेला ‘एक्स ४’ बसने स्टेद्स. दोन कड्यांच्या बेचक्यात बसलेलं कोळ्यांचं गाव, ओढ्यात ‘कोबल’ जातीच्या होड्या. सोळा वर्षांचा कुक इथे एका किराणा दुकानात कामाला होता. समुद्रावर गेला तो त्यानंतर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चित्रकारांची एक मंडळी इथे राहत असे, लॉरा नाइट त्यांतली सर्वांत नामवंत. मला विचाराल तर या किनाऱ्यावरचं सर्वांत सुंदर गाव हेच. इथे दुकानं फार नाहीत, हॉटेलं फार नाहीत, आणि त्याचीच मजा आहे.

स्टेद्सहून रन्सविक बे कड्यावरून पाच-सहा किलोमीटर. १६८२ मध्ये दरड कोसळून जवळजवळ सगळं गाव समुद्रात गेलं, आजचं गाव त्यानंतर वसलेलं आहे. खाली उतरा, वाळूवर बसा, पण बस वरच्या टोकाला मिळते आणि तो चढ दम काढतो. शेवटच्या बसच्या अर्धा तास आधी चढायला लागा. पाणी उतरलेलं असेल तर वाटेत सँड्सएंडला उतरून वाळूवरून व्हिटबीपर्यंत चार-पाच किलोमीटर चालत येता येतं. पाणी चढत असेल तर बसमधून उतरूच नका.

शनिवार : स्कारबरोमार्गे परत

आल्या वाटेने परत जायची गरज नाही. ‘एक्स ९३’ने तासाभरात स्कारबरो, तिथून रेल्वेने सुमारे पन्नास मिनिटांत यॉर्क. स्कारबरोला दोन-तीन तास मिळाले तर दक्षिणेकडच्या चौपाटीवर चक्कर होते, मात्र बॅगा घेऊन किल्ल्याचा चढ चढू नका. स्थानकावर ४५६ फूट लांबीचा जुना लाकडी बाक आहे, गाडीची वाट तिथे बसून बघा. यॉर्कहून लंडनची पुढची गाडी ठरवताना दोन गाड्यांमध्ये किमान दीड तास सोडा. शनिवारी किनाऱ्यावरच्या रस्त्यांवर सुट्टीच्या गाड्या असतात, बस हमखास रेंगाळते, आणि यॉर्कला वेळ उरलाच तर रेल्वे संग्रहालय स्थानकाच्या मागेच आहे.